सरळ रस्त्यांखालचं गाव

लिस्बनमध्ये पाऊल टाकून अर्धा तास झाला नसेल, तोच माझ्या बॅगेचं एक चाक निखळलं आणि उतारावरून गडगडत जाऊन एका कॅफेच्या टेबलाखाली बसलं. कॉफी पीत बसलेल्या बाईंनी ते उचललं, कागदी रुमालानं पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. चेहऱ्यावर नवल वगैरे काही नाही. रोज दोन-चार चाकं त्यांच्याकडे येत असावीत.

दोष बॅगेचा नव्हता. इथले फुटपाथ मुठीत मावतील एवढ्या चुनखडीच्या दगडांचे आहेत. एकेक दगड हातोडीनं फोडलेला, हातानं बसवलेला, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी घासून साबणाची वडी झालेला. १८४२ साली वरच्या किल्ल्यातल्या एका लष्करी अधिकाऱ्यानं बेड्या घातलेल्या कैद्यांकडून असं पहिलं आवार फरसबंद करून घेतलं. लोकांना ते इतकं आवडलं की पुढे सगळं शहर काळ्या-पांढऱ्या दगडांनी मढवून निघालं. मी तीस वर्षं बांधकाम खात्यात रस्ते केले. असलं निसरडं काम एखाद्या ठेकेदारानं आणून दाखवलं असतं तर मी त्याचं बिल अडवलं असतं. पण दुसऱ्या दिवशी एका गल्लीत पाइप टाकायचं काम चाललेलं पाहिलं. दगड उचलून कडेला रचले, पाइप टाकला, माती दाबली, तेच दगड पुन्हा बसवले. ना डांबर, ना ठिगळ. मग जरा नरमलो.

"मामा, आधी बूट बदला," भाचा म्हणाला. तो इथं सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि मोरारिया नावाच्या जुन्या वस्तीत चौथ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहतो. लिफ्ट नाही. जिना एवढा अरुंद की बॅग पुढे गेल्याशिवाय माणूस मागून जाऊ शकत नाही. सकाळी ऑफिसला निघताना त्यानं बोटाएवढी लांब लोखंडी चावी माझ्या हातात ठेवली. "जपा हं. एकच आहे. मालकीणबाई ऐंशीच्या आहेत आणि कुलूप त्यांच्याहून थोरलं." मग तिकिटांचं पुस्तक काढलं. अमुक ट्राम, तमुक बस, उघड्या टपाची गाडी. ते मी तसंच टेबलावर ठेवून खाली उतरलो.

मी इथं का आलो, ते सांगायला हवं. मी वसईचा. शाळा सुटली की आम्ही किल्ल्यात. बिनछपराच्या चर्चमध्ये लगोऱ्या खेळायच्या, जमिनीतल्या थडग्यांच्या शिळांवर बसून चिंचा खायच्या, शिळांवरची खोदीव अक्षरं बोटानं गिरवायची. अर्थ कुणालाच कळत नसे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई फिरंग्यांना, म्हणजे पोर्तुगीजांना, दिली, १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती घेतली. मधली दोनशे पाच वर्षं त्या शिळांखाली झोपलेली. चर्चच्या घंटा मराठ्यांनी काढून नेल्या. त्यांतली एक नाशकात नारोशंकराच्या देवळात लागली, आणि कर्कश आवाजाच्या माणसाला आपण अजून नारोशंकराची घंटा म्हणतो. ज्या गावातून ही माणसं गलबतं भरभरून आली, ते गाव एकदा पायांनी पाहावं, एवढंच डोक्यात होतं. राजवाडा, धक्का, हिंदुस्थानचा सगळा व्यापार जिथून चाले ती 'कासा दा इंदिया', म्हणजे सरळ भाषेत हिंदुस्थान-घर. मिरीची पोती तिथं उतरायची. नकाशावर नदीकाठी एक भलामोठा चौक होता, तेव्हा पहिला तिकडे गेलो.

चौक भव्य आहे, त्यात वाद नाही. तिन्ही बाजूंनी पिवळ्या कमानींच्या एकसारख्या इमारती, चौथ्या बाजूला तेजु नदी, मध्ये घोड्यावर बसलेला राजा जुझे. चौथऱ्याच्या एका अंगाला दगडी हत्ती आहे. त्याला पाहून जरा बरं वाटलं. पण राजवाडा? सरकारी पाट्यांवर या जागेचं नाव 'व्यापार चौक'. लोक मात्र तिला आजही 'राजवाड्याचं अंगण' म्हणतात, मेट्रोच्या स्टेशनालाही तेच नाव. अंगण आहे, वाडा नाही. कासा दा इंदियाही नाही. मी दोनदा चौकाला फेरी मारली. कमानीखाली पुस्तकं विकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी पुस्तकावरून बोट न उचलता सांगितलं, "पंचावन्न सालात गेलं सगळं." क्षणभर मला १९५५ वाटलं. त्यांना १७५५ म्हणायचं होतं.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊनंतरची वेळ, चर्च गच्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या. दूर अटलांटिकच्या तळाशी जमीन हलली आणि काही मिनिटांत चर्चची छपरं भाविकांवर कोसळली. वाचलेले लोक मोकळ्या जागेकडे पळाले, म्हणजे इथंच, नदीकाठच्या या अंगणात. नदीचं पाणी मागे हटलं, तळ उघडा पडला, बुडालेली जहाजं दिसू लागली. मग ते पाणी भिंत होऊन परत आलं. आणि मेणबत्त्यांनी लावलेली आग पाच-सहा दिवस जळत राहिली. राजवाडा गेला, त्यातलं सत्तर हजार ग्रंथांचं भांडार गेलं, सात महिन्यांपूर्वी उघडलेलं नवंकोरं ऑपेरागृह गेलं, हिंदुस्थान-घर गेलं. राजा जुझेनं दगडी छपराची अशी धास्ती घेतली की पुढे तो टेकडीवर तंबूत आणि लाकडी वाड्यात राहिला. घोड्यावर मात्र ऐटीत बसलाय.

माझी मात्र पंचाईत झाली. ज्या गावातून वसईला माणसं आली, ते गाव वसई गेल्यानंतर सोळाच वर्षांनी स्वतःही गेलं होतं. मी ज्याला भेटायला आलो होतो, तो अडीचशे वर्षांपूर्वीच घर सोडून गेलेला.

चौकाच्या कमानीतून आत शिरलं की बाइशा लागते. खालची पेठ म्हणा. इथले रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, इमारती सारख्या उंचीच्या, खिडक्या सारख्या मापाच्या. प्रवासी लोक या रस्त्यांतून भराभर चालतात, कारण 'बघण्यासारखं' काही नाही. माझ्यासारख्या माणसाला मात्र इथंच थांबावंसं वाटलं. यातली एकही रेघ आपोआप उमटलेली नाही. भूकंपानंतर महिन्याभरात मानुएल दा माइया नावाच्या अभियंत्यानं नव्या शहराचे पर्याय मांडले. वय अठ्ठ्याहत्तर. जुनं होतं तसंच बांधा, रस्ते रुंद करून बांधा, सगळं जमीनदोस्त करून नव्यानं आखा, किंवा शहरच दुसरीकडे हलवा. एकेकाचे फायदे-तोटे. मी निवृत्त झालो तेव्हा अठ्ठावन्नचा होतो आणि थकलो होतो. हा म्हातारा त्याच सुमारास कोसळलेल्या बुरुजातून राज्याचं दफ्तरही बाहेर काढत होता, कारण त्याचा सांभाळ त्याच्याकडेच होता. आज इतिहासकार जे जुने कागद चाळतात, त्यांच्या वाचण्यात या माणसाची धूळ खाल्लेली फुप्फुसं आहेत.

पंतप्रधान पोंबालनं शहर नव्यानं आखण्याचा पर्याय उचलला. घरांच्या भिंतींत लाकडाचे सांगाडे घातले. फुलीच्या आकाराच्या तिरक्या तुळयांचे, पिंजऱ्यासारखे. लोक त्याला पिंजराच म्हणतात. जमीन हलली तर लाकूड वाकेल, भिंत लगेच पडणार नाही. नमुन्याचा सांगाडा उभा करून भोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तो हलतो का पाहिलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, मला ती फार आवडली. आमच्या खात्यात पुलावर वाळूची पोती रचून चाचणी घेत. आणखी एक गोष्ट मात्र कागदोपत्री आहे. पोंबालनं देशातल्या सगळ्या धर्मग्रामांना प्रश्नावली धाडली. धक्का किती वेळ टिकला? कोणत्या दिशेकडून जाणवला? समुद्र आधी चढला की उतरला? जमिनीला भेगा पडल्या का, त्यांतून काय निघालं? शहराचे धर्मगुरू देवाच्या कोपावर प्रवचनं देत होते, तेव्हा हा माणूस असले प्रश्न विचारत होता. बाकी तो क्रूरही होता, विरोधकांची गय करणारा नव्हता. चांगला इंजिनिअर आणि चांगला माणूस एकाच देहात सापडेल, असा नियम नाही.

१७६०मध्ये फर्मान काढून रस्ते धंद्यांना वाटून दिले. सोनारांचा, चांदीकाम करणाऱ्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा, मुलामा देणाऱ्यांचा. पुण्यातही तांबट आळी आहे, पण तिथं आधी तांबट आले, मग नाव पडलं. इथं आधी पाटी आली, मग चांभार आला. पाटी अजून आहे. चांभार दिसला नाही. त्याच्या दारात कासवाच्या आकाराचे फ्रीजचे चुंबक विकत होते.

पाट्या वाचता वाचता एक भलतंच घडायला लागलं. पाववाल्याच्या दुकानावर 'पांव'. भाजीवाल्याकडे 'बताता', 'कोव', 'पपाया', 'आनानाश'. जुन्या वस्तूंच्या दुकानावर 'लैलांव', म्हणजे लिलाव. शिंप्याच्या सामानाच्या दुकानात फीत 'फिता' आणि टाचणी 'आल्फिनेत', आपली आलपीन. हार्डवेअरच्या दुकानात बादली 'बाल्द', घमेलं 'गामेला'. एका गल्लीतल्या कचेरीच्या दारावर कुणीतरी रागानं लिहिलं होतं, त्यात 'पागार' एवढं मला कळलं. द्यायचं राहिलं असावं. जगात कुठंही गेलं तरी ही तक्रार समजते. बटाटा, पाव, कोबी हे शब्द फिरंग्यांचे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण रस्त्याच्या एका कडेनं चालत त्यांची हजेरी घेणं निराळं. राजवाडा शोधायला आलो होतो आणि सापडत होतं वसईच्या घरातलं मोरीजवळचं सामान.

बाइशातल्या एका बँकेच्या तळघरात जाता येतं. इमारत दुरुस्तीला काढली तेव्हा खाली रोमन काळातले हौद निघाले. चौकोनी, खोल, मासे खारवायचे. बरोबर घेऊन जाणारी मुलगी सांगू लागली, इथं मासे मिठात कुजवून त्याचा रस्सा करत आणि मडक्यांत भरून रोमला धाडत. तोंड वाकडं करून म्हणाली, "वासाची कल्पना करा." मी केली. आमच्या वसईत पाचूबंदरच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात, त्या वाऱ्यात वाढलेल्या माणसाला त्यासाठी फार कष्ट पडत नाहीत. हौदांच्याही खाली तिनं आणखी एक गोष्ट दाखवली आणि माझे पाय तिथंच रोवले गेले. चिखलात ठोकलेले पाइनचे सोट. सगळी बाइशा नदीच्या ओल्या गाळावर आहे. पोंबालच्या इमारती अशा हजारो सोटांवर उभ्या आहेत. लाकूड पाण्यात बुडालेलं असेपर्यंत कुजत नाही. म्हणजे या सरळ रस्त्यांची तब्येत खालच्या पाण्याच्या पातळीवर अवलंबून. वर ट्राम खडखडत गेली, तेव्हा तळघराचं छत किंचित थरथरलं. बाकीचे लोक हसले. मी वर आलो.

थोड्या अंतरावर, ट्रामच्या रुळांच्या मधोमध, एक लोखंडी झाकण आहे. त्याखाली रोमन कमानींचे बोगदे आहेत, कायम पाण्यानं भरलेले. वर्षातून एक-दोनदा पाणी उपसतात, ट्राम थांबवतात आणि लोक शिडीनं उतरतात. मी गेलो तो दिवस तो नव्हता. झाकणावर उभा राहिलो, ट्रामवाल्यानं घंटी बडवली, हटलो.

रोसियु चौकात फरशीवर काळ्या-पांढऱ्या लाटा आहेत. जमीन सपाट, तरी डोळ्यांना वर-खाली होते. कडेची एक बाई खरोखर भिंत धरून चालत होती. या चौकाच्या वरच्या टोकाला खांबांचं एक देखणं नाटकघर आहे, १८४६चं. त्याआधी तिथं जो वाडा होता, त्यात इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंड्यांना हुडकून शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाची, कचेरी होती. पायऱ्यांवर पोरं आइसक्रीम खात बसली होती. मला गार्सिया द ओर्ता आठवला.

हा लिस्बनच्या विद्यापीठात शिकवणारा वैद्य. धर्मांतर करायला लावलेल्या ज्यू घराण्यातला. इथलं वारं ओळखून १५३४च्या वसंतात तो गोव्याच्या जहाजात बसला. त्याच वर्षी वसई फिरंग्यांच्या हाती आली, आणि काही वर्षांनी या वैद्याला मुंबई बेट खंडानं मिळालं. आज त्या बेटावर एक खोली भाड्यानं घ्यायची तर माणसाची कंबर मोडते. १५६३ साली त्यानं गोव्यात हिंदुस्थानी औषधींवर ग्रंथ छापला. त्यात आपल्या मुंबईतल्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याच्या झाडाचं कौतुकही आहे. १५६८मध्ये तो बिछान्यावर मेला. वर्षभरात त्याच्या बहिणीला गोव्यात जाळलं. आणि १५८०मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली. कचेरीचं काम चोख होतं. मेलेल्याचीसुद्धा फाइल बंद करायची राहू देत नसत.

नाटकघराच्या बाजूला सान दोमिंगुचं चर्च. १५०६च्या एप्रिलमध्ये, अवर्षण आणि प्लेगचे दिवस असताना, इथं क्रुसावर प्रकाश दिसला म्हणून लोक चमत्कार चमत्कार करू लागले. कुणा नव-ख्रिस्ती, म्हणजे बाटवलेल्या ज्यू, माणसानं मेणबत्तीचा उजेड असेल अशी शंका काढली. त्याला ओढून मारलं, आणि तीन दिवस शहरात नव-ख्रिस्ती वेचून मारले गेले. बाहेर चौकात आता एक दगडी गोल ठेवला आहे, त्यावर ज्यूंचा तारा. त्याला टेकून दोन आफ्रिकन बायका शेंगदाणे विकत होत्या. चर्चच्या आत गेलो आणि थबकलो. १९५९मध्ये आगीत हे चर्च जळालं. छत नवं घातलं, पण खांब तसेच ठेवले. दगड उष्णतेनं तडकून सोललेले, जागोजागी खपल्या उडालेल्या, भिंती भाजलेल्या विटेच्या रंगाच्या. आमच्याकडे असतं तर तीन महिन्यांत गुळगुळीत गिलावा करून तैलरंग लावला असता. इथं कुणालातरी वाटलं, राहू द्या. कुणाला ते विचारायला हवं होतं, राहून गेलं.

वर कार्मुच्या मठाकडे जायला लोखंडी लिफ्टपाशी रांग होती. १९०२ची, देखणी. रांग टाळून मी पायऱ्यांनी चढलो. एका चढात तीन वेळा बसलो. वरच्या छोट्या चौकात जॅकरांडाची झाडं जूनच्या सुरुवातीला जांभळी झालेली, फुलांचा सडा दगडांवर. आणि मग दार उघडून आत गेलो, तर मी वसईच्या किल्ल्यात होतो.

हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. कार्मुच्या मठाचं चर्च १३८९मध्ये सुरू झालेलं. भूकंपाच्या सकाळी त्याचं छत आत प्रार्थना करणाऱ्यांवर पडलं. नंतर दुरुस्ती सुरू झाली, टोकदार कमानी उभ्या राहिल्या, आणि १८३४मध्ये देशातले मठच बरखास्त झाल्यावर काम थांबलं ते कायमचं. आज त्या कमानी उघड्या आकाशात एकामागून एक उभ्या आहेत, बरगड्यांसारख्या. खाली गवत, कडेला थडग्यांच्या शिळा, शिळांवर तीच अक्षरं. कमानीच्या फटीत रोप उगवलेलं. आमच्याकडे पिंपळ उगवतो, इथं कुठलं तरी बारीक पानांचं होतं. एवढाच फरक. वसईची छपरं मराठ्यांच्या विजयानंतर, देखभालीविना, पावसात कुजून पडली. इथलं एका सकाळी पडलं. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की ज्या गावातून आमचे किल्लेदार आले, त्या गावातही शेवटी एक वसईच उरली आहे. मी एका शिळेच्या कडेला बसलो. पहारेकऱ्यानं येऊन उठवलं. वसईत आम्हांला कुणी कधी उठवलं नाही.

बाहेर चौकाच्या कडेला पोलिसांची जुनी बराक आहे. २५ एप्रिल १९७४ला हुकूमशहाचा वारस मार्सेलु काएतानु तिच्यात लपून बसला होता आणि बाहेर एकोणतीस वर्षांचा कॅप्टन साल्गेइरु माइया चिलखती गाड्या घेऊन उभा होता. लोक झाडांवर चढून बघत होते. संध्याकाळपर्यंत राजवट संपली, सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशन खोचलेले. फरशीत माइयाच्या नावाची गोल तबकडी बसवली आहे. न बघता चाललं तर पाय पडतो. गोवा १९६१च्या डिसेंबरात मोकळा झाला होता, पण इथल्या सरकारनं ते मानलं नव्हतं. या चौकातली ती संध्याकाळ झाली आणि त्याच वर्षीच्या शेवटच्या दिवशी भारताशी करारावर सही झाली. आपल्या गोव्याच्या कागदांची तेरा वर्षं अडून राहिलेली फाइल या जॅकरांडांखाली हलली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी पूर्वेला निघालो, आणि कधी सीमा ओलांडली ते पायांनीच सांगितलं. बाइशाचा शेवटचा सरळ रस्ता संपतो, तिथून पायऱ्या सुरू होतात. कुठल्याही दोन पायऱ्या एका उंचीच्या नाहीत. गल्ली वळते, अरुंद होते, कुणाच्या तरी स्वयंपाकघराला चाटून जाते, अचानक एका विहिरीएवढ्या चौकात उघडते. ही आल्फामा. नाव अरबी, 'अल-हम्मा', गरम झऱ्यांचं. टेकडी खडकाची असल्यामुळे भूकंपात पुष्कळशी वाचली. काटकोन दिसेनासा झाला की समजावं, आपण १७५५च्या पलीकडे आलो. माझ्या डाव्या गुडघ्याला हा इतिहास फार चांगला कळला. सांतु आंतोनियुच्या सणाची तयारी चालली होती. गल्लीवर रंगीत कागदांच्या माळा, दारोदारी शेगड्या, त्यांवर सार्डिन. तेल सुटून धूर. सार्डिन म्हणजे आपली तारलीच, नात्यानं चुलत. एका आजीनं पावावर एक ठेवून दिली. काटे कसे काढायचे ते दाखवायला लागली, तेवढ्यात मी संपवली होती. तिनं मान डोलावली आणि दुसरी दिली.

खाली नदीकाठी कासा दुश बिकुश, टोकदार दगडांचं घर. दर्शनी भिंतीचा प्रत्येक दगड हिऱ्यासारखा पैलू पाडलेला. १५२३मध्ये ते बांधलं ब्राश द आल्बुकर्कनं. गोवा जिंकणाऱ्या अफोंसु द आल्बुकर्कचा हा मुलगा. भूकंपात वरचे दोन मजले गेले. मग पुढे त्यात खारवलेल्या कॉड माशांची वखार होती. वरचे मजले विसाव्या शतकात परत चढवले, आणि नवा भाग नवा दिसतो, लपवलेला नाही. आता तिथं लेखक जुझे सारामागुच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याची राख. खाली मात्र जुनेच दगड. माझ्या यादीतलं हे पहिलं घर, ज्याला त्या गलबतवाल्यांचा हात लागलेला होता. मी भिंतीला हात लावला. टोकं बोथट झाली होती.

आणि याच नदीच्या काठी एक गेंडा उतरला. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहानं, म्हणजे पुढे वसई देणाऱ्या बहादूरशहाच्या बापानं, थोरल्या आल्बुकर्कला तो भेट दिला. एवढं मोठं जनावर गोव्यात पोसायचं कुणी? त्यानं ते राजाला पाठवून दिलं. २० मे १५१५ला तो लिस्बनला पोचला. युरोपनं रोमन काळानंतर जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजानं राजवाड्याजवळ त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती गेंड्याला पाहताच पळाला. मग राजानं तो पोपला भेट म्हणून धाडला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून साखळदंडांसकट तो मेला. एका पत्रावरून आणि कच्च्या रेखाटनावरून जर्मनीत बसून चित्रकार ड्यूररनं त्याचं चित्र काढलं, अंगावर चिलखत चढवून, पाठीवर जादा शिंग लावून. पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोपचा गेंडा तसाच. देणाऱ्याला नकोसा, घेणाऱ्याला नकोसा, असा तो पुढे पुढे ढकलला गेला. आपल्याकडे दिवाळीतला सोनपापडीचा डबा असाच फिरतो, पण तो बुडत नाही.

टोकदार दगडांच्या घरापासून चार पावलांवर राजाचा पाणवठा आहे. भिंतीत पाण्याची तोंडं. सोळाव्या शतकात इथं कुणी कोणत्या तोंडाला घागर लावायची याचा नगरपालिकेचा नियम होता. गोऱ्यांचं निराळं, काळ्या गुलामांचं निराळं, बायकांचं निराळं, आणि नियम मोडणाऱ्याला दंड व फटके. पाणवठ्याचा असला नियम महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तोंडं आता कोरडी आहेत.

संध्याकाळी मोरारियात परतलो. किल्ला ११४७मध्ये ख्रिस्ती राजानं घेतल्यावर मुसलमानांना तटाबाहेर या उताराखाली वस्ती दिली, म्हणून हे नाव. आजही बाहेरून आलेला माणूस इथंच उतरतो. बांगलादेशी वाण्यांची दुकानं, मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांची कापडाची दुकानं, चिनी, नेपाळी. मडगावच्या घराण्यातले आंतोनियु कोश्ता लिस्बनचे महापौर होते, तेव्हा २०११मध्ये त्यांनी आपली कचेरीच या दुर्लक्षित भागात हलवली. पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले. घरचे त्यांना बाबुश म्हणतात. एका दुकानात कढीपत्ता मिळाला. घेतला.

चार मजले चढून कुलपात चावी घातली, फिरवली, आणि अर्धी चावी माझ्या हातात आली.

भाचा रात्री नऊला येणार. मालकीणबाईंचं दार वाजवलं. त्या मुलीकडे गेलेल्या. पुन्हा चार मजले खाली. गुडघ्यानं आता बोलणंच सोडलं होतं. गल्लीच्या टोकाला, दोन फोनच्या दुकानांत चेपलेली, एका खांद्याएवढी खोली दिसली. बाहेर पत्र्याची किल्ली टांगलेली. आत सत्तरीतले गृहस्थ, डोळ्याला भिंग. मी हातातला तुकडा पुढे केला आणि दिवसभर पाट्या वाचून आलेल्या जोरावर म्हणालो, "चावी."

त्यांनी भिंग काढलं. पाटीवर जे लिहिलं होतं, त्याचा उच्चार या शहरात 'शाव्ह' होतो. मला वाटलं, मी चुकलो. म्हणून सुधारून म्हणालो, "शाव्ह."

"नाही नाही," ते इंग्रजीत, हात हलवत म्हणाले, "आधीचं म्हणा."

"चावी."

ते हसायलाच लागले. त्यांचं गाव उत्तरेला, डोंगरांच्या पलीकडे. तिथं त्यांची आजी 'चावे' म्हणायची, च नीट ठोकून. लिस्बनला शिकायला आले तेव्हा पोरं त्यावरून चिडवत. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी सगळा मुलूख असाच बोलायचा, मग राजधानीनं च टाकून श घेतला, डोंगरातल्यांनी ठेवला. "तुम्ही कुठले?" त्यांनी विचारलं. मी वसई म्हणालो, त्यांना कळलं नाही. मग मला आठवलं, आणि मी त्यांच्या लोकांनी दिलेलं नाव सांगितलं, "बासाइं."

"बासाइं," ते म्हणाले. मानेनं होकार दिला, पण ओळख पटली असं वाटलं नाही. तुकडा चिमट्यात धरून उजेडात पाहिला. मग मागच्या भिंतीवरून एक लांब कोरी किल्ली काढली, शेगडीएवढ्या यंत्राला लावली आणि माझ्याकडे न बघता, कानसीच्या आवाजावर, स्वतःशीच पुटपुटत राहिले, "चावे, चावे."

पैसे घेताना कुलपात अडकलेला उरलेला तुकडा कसा काढायचा ते त्यांनी हातानं करून दाखवलं. ते मात्र मला काही जमलं नाही. नऊपर्यंत पायरीवर बसलो, मांडीवर कढीपत्ता.